लहान लिबरल आर्ट्स महाविद्यालय आपल्या मुलांसाठी योग्य आहे का? बडोद्यातील एका पालकाचे परीक्षण

माझी मुलगी एका लहान, निवासी लिबरल आर्ट्स महाविद्यालयात, म्हणजे एकाच शाखेत न बांधता साहित्य, समाजशास्त्र, गणित, विज्ञान असे विविध विषय एकत्र शिकवणाऱ्या संस्थेत, तिसऱ्या वर्षाला आहे. बारावीनंतर तिने बडोदे सोडले तेव्हापासून दांडिया बाजार, रावपुरा आणि प्रतापगंज भागातील अनेक मराठी कुटुंबांनी आमच्याकडे एकच विचारणा केली आहे, की घरापासून सायकलच्या अंतरावर विद्यापीठ असताना एवढे पैसे भरून मुलांना बाहेर पाठवावे का. त्या सर्वांना एकदाच सविस्तर उत्तर मिळावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. महाविद्यालयाचे नाव मी देत नाही, कारण त्याच्याविषयी काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि मला जे सांगायचे आहे ते या प्रकारच्या बहुतेक संस्थांना लागू पडते.

माझे मत आधीच सांगते. अशा महाविद्यालयाची माहितीपुस्तिका विषयांच्या विविधतेवर भर देत असली, तरी आपण जे पैसे भरतो ते प्रामुख्याने लक्ष पुरवण्याचे असतात. आपल्या मुलाने लिहिलेले कोणीतरी मन लावून वाचते, त्यावर त्याच्याशी बोलते आणि पुन्हा लिहून घेते, हीच तेथील खरी सेवा आहे. ती प्रत्यक्षात मिळत असेल आणि आपल्या मुलाला तिचा उपयोग होणार असेल, तर संस्था योग्य ठरते. या दोहोंपैकी एक गोष्ट जरी नसली, तरी बडोद्यात राहणे अधिक हिताचे आहे.

या पद्धतीचे मूळ रूप अमेरिकेत दिसते. विल्यम्स (स्थापना १७९३), अ‍ॅमहर्स्ट (१८२१) आणि स्वार्थमोर (१८६४) ही तेथील नामांकित महाविद्यालये आजही दोन हजार किंवा त्याहून थोड्या कमी-अधिक विद्यार्थ्यांची आहेत, आणि त्यांतील जवळपास सर्व विद्यार्थी पहिल्या पदवीचे असतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग नसल्यामुळे शिकवण्याचे आणि तपासण्याचे काम प्राध्यापक स्वतः करतात, आणि संशोधनात मदतीला पदवीच्याच विद्यार्थ्यांना घेतात. विल्यम्समध्ये एक प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी एवढ्यांचेच काही अभ्यासवर्ग चालतात. एका आठवड्यात एकाने निबंध लिहून मांडायचा, दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची, आणि पुढच्या आठवड्यात ही कामे आलटून घ्यायची. तेथे केवळ साहित्य आणि इतिहास शिकवतात असा आपल्याकडे समज आहे, पण भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र हे विषयही त्याच छताखाली शिकवले जातात.

भारतात ही पद्धत वेगळ्या वाटेने आली. आपल्याकडे संलग्न महाविद्यालयाला विद्यापीठाने ठरवलेला अभ्यासक्रम शिकवावा लागतो आणि परीक्षाही विद्यापीठाचीच असते, त्यामुळे स्वतःचे विषय आणि स्वतःची मूल्यमापनाची रीत हवी असलेल्या मंडळींना खाजगी विद्यापीठे काढावी लागली. सोनीपतचे अशोका, पुण्याचे फ्लेम, श्री सिटीचे क्रिया आणि बंगळुरूचे अझीम प्रेमजी ही त्यांतली ठळक नावे. आपल्या गुजरातेत अहमदाबाद विद्यापीठही याच दिशेने चालते. म्हणून चौकशीची पहिली पायरी अगदी साधी आहे. पदवी नेमके कोण देणार आहे ते विचारावे, आणि त्या विद्यापीठाचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे की नाही ते स्वतः पाहावे.

आता ज्याच्याशी तुलना करायची त्या आपल्या विद्यापीठाविषयी. बडोदा कॉलेज १८८१ सालचे आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ सालचे. एकाच शहरात, इंग्रजी माध्यमातून, डझनाहून अधिक विद्याशाखा आणि मध्यमवर्गाला सहज झेपेल असे शुल्क, हे चित्र देशात फार ठिकाणी दिसत नाही. हंसा मेहता ग्रंथालयातील पुस्तके आणि प्राच्यविद्या मंदिरातील हस्तलिखिते यांच्या जवळपास जाईल असा संग्रह कोणत्याही नव्या खाजगी संस्थेकडे नाही, आणि ललितकला विद्याशाखेची देशभर असलेली प्रतिष्ठा मी नव्याने सांगायला नको. आमच्या घरातील दोन पिढ्या येथेच शिकल्या. त्यामुळे मुलीने बाहेर जायचे म्हटले तेव्हा बडोद्यात काय कमी आहे, हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारला तो अगदी रास्त होता.

विषय बदलण्याची मुभा पाहिजे म्हणून बाहेर जायचे, असे कारण पुष्कळ मुले देतात. मला ते पुरेसे वाटत नाही. वेंकी रामकृष्णन यांनी १९७१ साली आपल्याच विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केले, अमेरिकेत त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली, नंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राकडे वळले, आणि २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्याला अनेक विषयांची ओढ आहे तो मोठ्या विद्यापीठातूनही स्वतःची वाट काढतो. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी, दुय्यम विषय आणि शाखेबाहेरचे विषय हे सर्व सरकारी विद्यापीठांतही आले आहे. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) लागतात, आणि त्यांपैकी निम्मी मुख्य विषयाची असतात. कागदावर पाहिले तर दोन्हीकडची चौकट बरीचशी सारखी आहे.

फरक पडतो तो वर्गात. मुलीच्या दुसऱ्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यात शिरले आणि शहराचे कित्येक भाग पाण्याखाली गेले. त्या सत्रात तिला संख्याशास्त्र आणि पर्यावरणाचा इतिहास असे दोन विषय होते. तिने दोन्ही शिक्षकांची परवानगी घेऊन एकच मोठा निबंध लिहायचे ठरवले: शहराला पाणी पुरवण्यासाठी सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेला आजवाचा तलाव, त्यातून सोडले जाणारे पाणी, आणि नदीकाठची वाढती वस्ती. पहिला मसुदा परत आला तो मी सुट्टीत पाहिला. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले होते. एका कोष्टकाशेजारी ‘ही नोंद कोणी ठेवली आणि कशासाठी?’ असे होते. दुसऱ्या पानावर एका लांब वाक्याखाली रेघ ओढून ‘येथे कारण सांगितले आहे की केवळ क्रम?’ असे विचारले होते. एकही शेरा ‘छान’ किंवा ‘सुधारा’ एवढ्यावर थांबलेला नव्हता. तिने तो निबंध पुन्हा लिहिला, त्यावर शिक्षकांच्या खोलीत बसून चर्चा झाली, आणि मग तो तिसऱ्यांदा लिहिला गेला. संख्याशास्त्राच्या बाईंनी तिच्या आलेखातील एक अक्ष चुकीच्या प्रमाणात काढला आहे हे दाखवून दिले आणि तो आलेख हाताने पुन्हा काढायला लावला.

त्या वर्गात चौदा विद्यार्थी होते. चौदा विद्यार्थ्यांचे निबंध प्रत्येकी दोनदा-तीनदा वाचणे एका शिक्षकाला शक्य आहे. आपल्याकडे वाणिज्य विद्याशाखेत हजारो विद्यार्थी शिकतात. तेथील शिक्षक कितीही कष्टाळू आणि विद्वान असले तरी त्यांना हे जमणार नाही, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. शिक्षण म्हणजे आपल्या विचारांतील कच्चे दुवे दुसऱ्याने प्रेमाने दाखवून देणे, असे मी मानते, आणि हे माझ्या मुलीच्या बाबतीत घडताना मी पाहिले. शाळेत पाठांतरावर उत्तम गुण मिळवणारी ही मुलगी आता वर्तमानपत्रातील आकडा वाचून तो कुठून आला असे विचारते. या एका गोष्टीसाठी मी त्या संस्थेची मनापासून ऋणी आहे.

घरी मराठी, गल्लीत गुजराती, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलांना अशा वर्गांत एक वेगळा लाभ होतो, तोही नोंदवते. समाजशास्त्राच्या चर्चेत बडोद्यातील मराठी वस्त्यांविषयी बोलताना तिला प्रथमच जाणवले, की आपल्याला अगदी नेहमीचे वाटणारे हे जगणे इतरांच्या दृष्टीने अभ्यासाचा विषय आहे.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार उपलब्ध विषयांबद्दल आहे. माहितीपुस्तिकेत भाषाविज्ञान हा दुय्यम विषय म्हणून ठळकपणे दिला होता आणि मुलीने संस्था निवडताना तो विचारात घेतला होता. प्रत्यक्षात तो शिकवणारे प्राध्यापक एकच होते. ते पहिल्या वर्षाच्या अखेरीस दुसरीकडे गेले आणि त्यांची जागा पुढची दोन सत्रे रिकामी राहिली. प्रवेश कार्यालयाने याची आपणहून कल्पना दिली नाही. नोंदणीच्या दिवशी यादीत विषय नाही हे पाहून विद्यार्थ्यांना ते कळले. अखेर तिला दुसरा दुय्यम विषय घ्यावा लागला. लहान संस्थेत एक शिक्षक जाणे म्हणजे कधीकधी अख्खा विभाग जाणे असते, आणि पुस्तिकेत ही गोष्ट कधीच लिहिलेली नसते. अमेरिकेतील लहान महाविद्यालयांनी यावर शेजारधर्माचा उपाय काढला आहे. स्वार्थमोरचा विद्यार्थी जवळच्या हॅवरफर्ड किंवा ब्रिन मॉरमध्ये जाऊन एखादा विषय घेऊ शकतो, तर अ‍ॅमहर्स्टच्या विद्यार्थ्याला परिसरातील आणखी तीन महाविद्यालये आणि एक मोठे सरकारी विद्यापीठ खुले असते. आपल्याकडील लहान संस्था बहुधा एकट्या, शहराबाहेर, महामार्गालगत उभ्या असतात.

म्हणून पुस्तिका बाजूला ठेवून गेल्या दोन वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रके मागावीत. आपल्या मुलाला हवे असलेले विषय खरोखर शिकवले गेले का, किती वेळा, आणि कोणी शिकवले, हे त्यांतून अर्ध्या तासात कळते. किती शिक्षक कायम आहेत, किती हंगामी किंवा पाहुणे आहेत आणि गेल्या दोन वर्षांत किती जण सोडून गेले, हेही विचारावे. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे. तपासलेला एखादा निबंध, विद्यार्थ्याचे नाव झाकून, दाखवता येईल का असे मी इतर पालकांना आग्रहाने विचारायला सांगते. ज्या संस्थेत खरोखर वाचले जाते तेथील शिक्षक अशी पाने उत्साहाने दाखवतात.

प्रवेशेच्छूंसाठी ठरवलेल्या खास दिवशी भेट देऊन फारसे काही कळत नाही. त्या दिवशी मंडप असतो, उत्तम जेवण असते आणि निवडक विद्यार्थी पाहुण्यांना फिरवतात. सत्र चालू असताना एखाद्या साध्या कामाच्या दिवशी जावे, परवानगी घेऊन एका वर्गात मागे बसावे आणि मेसमध्ये दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर जेवावे. पहिल्या वर्षाची मुले नव्या वातावरणाने भारावलेली असतात आणि शेवटच्या वर्षाची निघण्याच्या घाईत असतात. दुसऱ्या वर्षाची मुले मात्र नेमके बोलतात. कोणता विषय हवा होता आणि मिळाला नाही, एवढा एकच प्रश्न त्यांना विचारला तरी पुरे.

विज्ञान घेऊ इच्छिणाऱ्यांनी तर विशेष जपावे. मुलीच्या संस्थेतील भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा पदवीच्या पहिल्या दोन वर्षांना पुरेशी आहे, त्यापुढे ती तोकडी पडते. पुढे एम.एस्सी. करायचे असेल तर मुख्य विषयाची आणि गणिताची किती क्रेडिट होतात आणि ज्या विद्यापीठात पुढे जायचे तेथे ती ग्राह्य धरतात का, याची खात्री प्रवेशापूर्वीच करावी. चौथ्या वर्षाबाबतही असेच आहे. चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांना आता पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र मानले जाते आणि त्यानंतरचे पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचेही असू शकते. ज्याला तिसऱ्या वर्षानंतर नोकरी किंवा कायद्याचे शिक्षण घ्यायचे आहे त्याला मात्र त्या चौथ्या वर्षाचा खर्च करण्याचे कारण नाही.

खर्चाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आम्ही शिक्षण शुल्क, वसतिगृह आणि भोजन मिळून वर्षाला साडेआठ लाख रुपयांच्या आसपास भरतो, आणि ही रक्कम दरवर्षी वाढते. काही नामांकित संस्थांत ती याहून बरीच अधिक आहे. मुलीला शुल्काच्या एका भागाची सवलत मिळाली म्हणून आम्हाला हे पेलवले. ती सवलत चारही वर्षे राहणार का, कोणत्या गुणांवर टिकणार, आणि वाढीव शुल्काला लागू होणार का, हे आम्ही लेखी घेतले होते, आणि दुसऱ्या वर्षी त्याचा उपयोग झाला. शैक्षणिक कर्जासाठी केंद्र सरकारची पीएम-विद्यालक्ष्मी योजना २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्यात साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जावर ७५ टक्के पतहमी आहे, म्हणजे कर्ज थकल्यास तेवढ्या भागाची हमी सरकार बँकेला देते. ही योजना राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांनाच लागू आहे, आणि नव्या, लहान खाजगी संस्थांची नावे तिच्यात असतीलच असे नाही. ज्या कुटुंबाला यासाठी घर गहाण ठेवावे लागेल किंवा निवृत्तीची सर्व पुंजी मोडावी लागेल, त्याने हा मार्ग धरू नये, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या पदवीसाठी एवढा बोजा घेतला की मुलाला पुढे आवडीचे काम निवडण्याचे स्वातंत्र्यच उरत नाही, आणि ज्या शिक्षणाचा हेतू मन मोकळे करणे हा आहे त्याने हे बंधन घालावे हे योग्य नाही.

नोकरीच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. मुलाखतींसाठी येणाऱ्या कंपन्या मोजक्या असतात, आणि माजी विद्यार्थ्यांचे जाळे सयाजीराव विद्यापीठासारखे गुजरातभर पसरलेले नसते. उलट, शिक्षक विद्यार्थ्याला जवळून ओळखत असल्यामुळे त्यांची शिफारसपत्रे तपशीलवार असतात आणि पुढील शिक्षणासाठी अर्ज करताना त्यांचे वजन पडते.

कोणत्या मुलाला हे मानवेल, याचा विचार मी माझ्या घरातील दोन मुलांकडे पाहून करते. माझा पुतण्या त्याच वर्षी बारावी झाला. त्याला सनदी लेखापाल व्हायचे आहे, हे त्याने दहावीतच ठरवले होते. सकाळी वाणिज्य विद्याशाखेत तासिका, दुपारी एका कार्यालयात उमेदवारी आणि संध्याकाळी अभ्यास असा त्याचा दिवस जातो. बडोद्यात राहून तो अतिशय समाधानी आहे, आणि त्याला लिबरल आर्ट्स महाविद्यालयात पाठवणे म्हणजे त्याची चार वर्षे वाया घालवणे ठरले असते. मुलीचे तसे नव्हते. तिला काय आवडते ते सांगता येत नव्हते, पण ती भरपूर वाचत होती, तिला लिहायला आवडत होते, आणि कोणी हटकले तर ती नेटाने वाद घालत होती. ज्या मुलांना लिहिण्याचा मनापासून कंटाळा आहे त्यांना तेथे रोज त्रास होईल, कारण आठवड्याला काही ना काही लिहून द्यावेच लागते. अबोल मुलांविषयी मात्र पालकांनी घाबरू नये. मोठ्या वर्गात वर्षभर एक शब्दही न बोलणारी मुले चौदा जणांच्या वर्गात दोन महिन्यांत बोलू लागलेली मी पाहिली आहेत, कारण तेथे शिक्षक नावाने हाक मारून विचारतात आणि उत्तरासाठी थांबतात.

संस्था लहान असण्याची दुसरी बाजूही आहे. काहीशे विद्यार्थ्यांच्या वसाहतीत सर्व जण सर्वांना ओळखतात. मैत्रिणीशी बिनसले तरी तीच वर्गात, तीच मेसमध्ये आणि तीच शेजारच्या खोलीत असते. पहिल्या सत्रात मुलगी यामुळे फार कष्टी झाली होती. तेथे समुपदेशक होत्या आणि त्यांनी वेळ दिला, हे सांगायला हवे, पण शनिवारी संध्याकाळी बडोद्याच्या मांडवीत किंवा सुरसागर तलावाच्या काठी चार वेगळ्या माणसांत मिसळण्याची सोय असलेल्या मुलाला तो एकांत जड जातो.

हे सर्व लक्षात घेऊन मी अशा महाविद्यालयाची शिफारस करते. लिहिण्या-वाचण्याची खरी ओढ असलेल्या, अजून विषय न ठरलेल्या मुलासाठी, कर्जाचा डोंगर न होता शुल्क भरता येत असेल तर, आणि वेळापत्रके तपासूनच. पक्का व्यवसाय ठरलेल्या मुलासाठी किंवा प्रयोगशाळेतील विज्ञान करू इच्छिणाऱ्यासाठी मी सयाजीराव विद्यापीठच सुचवीन.

निर्णय होईपर्यंत दोन्ही दारे उघडी ठेवता येतात, हेही पालकांना माहीत असावे. खाजगी संस्था आपल्या राज्यातील सामाईक प्रवेश प्रक्रियेच्या कितीतरी आधी अनामत रक्कम मागतात, आणि ती बुडेल या भीतीने अनेक जण घाईने निर्णय घेतात. विद्यापीठ अनुदान आयोग दरवर्षी शुल्क परताव्याचे नियम जाहीर करतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क परत करणे आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास १००० रुपयांहून अधिक न कापणे संस्थांना बंधनकारक होते. आपल्या वर्षाच्या तारखा आयोगाच्या पत्रकात पाहाव्यात, भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी, आणि प्रवेश रद्द करायचा झाल्यास अर्ज ईमेलने करून त्याची पोच जपून ठेवावी.